कोपऱ्याचा कासम मानाच्या भिंतीवर

कुवेतला जायचं ठरलं की बॅगेत काय भरावं हे सांगायला अर्धं गाव दारात येतं. लोणचं न्या, कडवे वाल न्या, सुकट नेऊ नका, सुकट न्याच. पण भांबुर्डा नेऊ नका, असं मला एकानेही सांगितलं नाही. भांबुर्डा म्हणजे आमच्या रायगडात थंडीच्या दिवसांत बांधावर माजणारा उग्र वासाचा पाला. शेंगा-कोंबडी मडक्यात भाजून करायची ती पोपटी. ती लावताना मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी तो कोंबला नाही, तर आमच्याकडचा माणूस तिला पोपटी म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ सुहास तिकडे मीना अब्दुल्ला नावाच्या गावी रिफायनरीत नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, "ताई, शेंगा इथे मिळतात, मडकंही शोधलंय. पाला तेवढा आण." मी आणला. आमच्या ह्यांच्या दोन पँटींच्या मध्ये, ओल्या फडक्यात गुंडाळून.

विमानतळावर कस्टमच्या उंचापुऱ्या साहेबाने ती जुडी उचलली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच पाल्याची शंका यायला लागली. त्याने अरबीत काहीतरी विचारलं. मी हिंदीत सांगितलं, "साब, ये चिकन में डालते हैं." आमचे हे तोवर दोन हात लांब सरकून, ही बाई कोण आपण ओळखत नाही, अशा चेहऱ्याने छताकडे बघत होते. साहेबाने एका मल्याळी सहकाऱ्याला बोलावलं. त्यानेही हुंगलं. दोघे हसले, जुडी कचऱ्याच्या डब्यात गेली आणि मला हाताने 'जा' अशी खूण झाली. पाला गेला, पण त्याचा वास ह्यांच्या पँटींना परत येईपर्यंत सोबतीला होता.

आता मी एवढ्या लांब गेले कशाला, ते सांगते. मी पेणला शिवणकाम करते आणि तालुक्यातल्या बऱ्याच कबड्डी संघांचे कपडे माझ्या मशीनवरून जातात. कबड्डी हे माझं वेड आहे. कुवेतमध्ये आपल्या कोकणातल्या माणसांचं एक कबड्डी मंडळ आहे. ते दर हिवाळ्यात सामने भरवतं आणि एका जुन्या खेळाडूचं छायाचित्र अहमदीतल्या सभागृहाच्या भिंतीवर समारंभाने लावतं. तिला सगळे मानाची भिंत म्हणतात. आजवर तिच्यावर चढले ते सगळे चढाईवाले. टाळ्या चढाईवाल्याला आणि माती पकडीवाल्याला, हा या खेळाचा जुना न्यायच आहे. यंदा पहिल्यांदा पकडीचा माणूस निवडला होता आणि तो होता कासम. आमचा, कोपऱ्याचा कासम!

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना काय सांगू? डाव्या कोपऱ्यात तो असा उभा राहायचा की त्याचं खेळाकडे लक्षच नाही असं वाटावं. आणि एकदा घोटा त्याच्या हातात आला की चढाईवाला 'कबड्डी' म्हणायचं सोडून आईचं नाव घ्यायचा. त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून, गजानन. एक खाडीच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दोघांनी हातांची साखळी करून समोरच्याला घेरलं की आम्ही टाळ्या आधीच वाजवायचो. मी तेव्हा दहावीत होते आणि अभ्यास सोडून सगळं करत होते.

मग तो जिल्ह्याचा अंतिम सामना. आम्ही एका गुणाने पुढे, समोरच्यांची शेवटची चढाई. मी मध्यरेषेला खेटून मातीत बसले होते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. एक बुटका चढाईवाला आत आला, दोघांना शिवला आणि परत फिरला. कासम आणि गजानन हातात हात घालून त्याच्यावर आले. त्या बुटक्याने साखळीखालून सूर मारला आणि बोटं रेषेला टेकवली. हे दोघे तोंडावर आपटले, हातात हात तसेच. आम्ही हरलो. मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, "हरले ते पोटभर जेवले असतील, तू कशाला उपाशी मरतेस?" पुढच्या हंगामात दोघेही मैदानावर दिसले नाहीत. आखातात गेले, एवढंच कळलं.

गुरुवार : वाळवंटातली पोपटी

आखात म्हणजे उकाडा, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की आम्ही एक स्वेटरसुद्धा घेतला नव्हता. जानेवारीतला तिथला वारा कपड्यांतून आरपार जातो. सुहासची बायको मेधा हिने स्वतःची गुलाबी शाल ह्यांना दिली. बँकेत जन्म घालवलेला माणूस गुलाबी शालीत मान आत ओढून बसला होता आणि भावाची मुलगी रिया त्यांचे फोटो काढत होती. "काकांना थंडी वाजतेय," मी म्हटलं. "आय नो, आत्या, ही लुक्स सो क्यूट," ती म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीतच देते.

थंडीत तिकडचे लोक शहर सोडून वाळवंटात तंबू ठोकतात. मंडळानेही एक तंबू भाड्याने घेतला होता. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. आमच्याकडे कुठेही उभं राहा, एखादा डोंगर आडवा येतोच. इथे काहीच नाही. जमीन सपाट जाते ती जातेच, आणि सूर्य झाडामागे नाही, घरामागे नाही, सरळ जमिनीत जातो. दूर एका बाजूला तेलाच्या धुराड्यांच्या टोकाशी ज्वाळा हलत होत्या. मी इतकी मोठी जागा आयुष्यात पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि सुहासला वाटलं वाळू गेली.

भांबुर्ड्याच्या जागी मडक्यात कोबीची पानं कोंबली होती. शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, सगळं रीतसर. मडकं उपडं करून भोवती लाकडं पेटवली. उघडल्यावर रिया म्हणाली, "स्मेल्स लाइक कॅबेज." पोरीचं खरं होतं, पण तिथे जमलेले सगळे बाप्ये डोळे मिटून खात होते. श्रीवर्धनचे, रोह्याचे, मुरुडचे, कुणी दोन वर्षं घरी न गेलेले. त्यांना बहुधा कोबीतूनही बांधावरचा वास येत असावा.

तेवढ्यात एक पांढरी व्हॅन आली आणि त्यातून खुबूसच्या रोट्यांच्या पिशव्या घेऊन एक दाढीवाले गृहस्थ उतरले. सुहास म्हणाला, "ताई, हे कासमभाई. इथे मंगफ गावात त्यांचा बकाला आहे." बकाला म्हणजे किराण्याचं दुकान. मी उभी राहिले आणि माझी वाचाच बसली. मैदानावर ज्याला मी ओरडून ओरडून एकेरी हाक मारली, तो समोर रोट्या घेऊन उभा, आणि मला 'नमस्कार'सुद्धा आठवेना. आमचे हे नंतर म्हणाले, "तुला गप्प बसलेली आज पहिल्यांदा पाहिली. या माणसाला घरी घेऊन जाऊ."

खाणं झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी भिंतीवर लागणारं छायाचित्र मोबाइलवर दाखवलं. जुन्या संघाच्या फोटोतून कासमभाईंना कापून मोठं केलेलं. रुबाबदारच दिसत होते. मोबाइल हातोहात फिरत कासमभाईंकडे गेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"हे कोण कापला?" त्यांनी विचारलं.

फोटोत गजाननला छाटून टाकलं होतं, पण त्याची बोटं तेवढी कासमभाईंच्या मुठीत राहून गेली होती. ज्याने कुणी कात्री चालवली, त्याला चढाईवाल्यांचे फोटो कापायची सवय. चढाईवाला एकटाच असतो. साखळीतला माणूस एकटा कापता येत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"गजा येल तर मी येतो," कासमभाई म्हणाले. "नायतर भिंत तशीच ठेवा."

अध्यक्ष कळवळून सांगायला लागले की गजानन इथे मंडळाकडून कधी खेळले नाहीत, नियमात बसत नाही. कासमभाई म्हणाले, "भिंतीवर नको. समोर पायजे." मग ते बाजूला येऊन शेकोटीशी, माझ्या शेजारीच बसले. पेणची आहे कळल्यावर मला म्हणाले, "तुला तर म्हाईत असेल, बाय. ती फायनल. हात मी सोडला होता. बदनाम मात्र आमी दोघं झालो. तवापासून त्याला तोंड नाय दावलं. तो हितंच हाय, अम्गराला, पण मी कवा गेलो नाय. आता भिंतीवर चढायचं तर आधी त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगीन, मंगच चढीन."

माझ्या तोंडात शेंग तशीच राहिली. हात सुटलाच नव्हता! मी पाहिलं होतं! पण ज्याच्या पकडीची मी इतकी वर्षं पोथी वाचावी तशी उजळणी केली, त्याला मी कोण सांगणार की बाबा, तुला तुझाच सामना नीट आठवत नाही? मी शेंग गिळली.

शुक्रवार : अम्गरा

गजाननदादांना आणायचं काम मी सुहासच्या गळ्यात मारलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसले. अम्गरा म्हणजे भंगाराचा मुलूख. गाड्यांवर गाड्या रचलेल्या, नुसत्या दरवाज्यांचा एक ढीग, नुसत्या इंजिनांचा दुसरा. आमच्याकडे एखादी गाडी मोडली तर ती पाच पिढ्या दुरुस्त होते. इथे चांगल्या दिसणाऱ्या गाड्यासुद्धा आडव्या पडल्या होत्या. आमचे हे काचेला नाक लावून "अगं ती बघ, ती बघ" करत राहिले. वाहनं एवढी मरतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

गजाननदादा एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतात आणि मागच्याच खोलीत चौघांबरोबर राहतात. सुट्टीचा दिवस, त्यामुळे दोरीवर कपडे वाळत होते आणि आत बोंबलाची आमटी शिजत होती. त्या वासाने मला एकदम घरी आल्यासारखं झालं. दादांचं अंग भरलं होतं, केस गेले होते, पण उभं राहायची ढब तीच. ह्या माणसाचीही मी किती नक्कल केली होती शाळेच्या मागच्या अंगणात! त्यांनी पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या, चहा दिला, आणि कासमभाईंचं नाव निघताच कप खाली ठेवला.

"मी नाय यायचा," ते म्हणाले. "त्याला मान मिळतो, चांगला हाय. मला खुशी हाय. पण माझं थोबाड त्याला कशाला दाखवू?"

"पण झालं काय?" सुहासने विचारलं.

"हात मी सोडला ना!" ते म्हणाले. "त्यानं कवा कुनाला सांगितला नाय, हा त्याचा मोठेपना. मी सोडला नसता तर आमची ट्रॉफी हुती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. कबड्डीतलं ओ की ठो न कळणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही कळलं की इथे काहीतरी भलतंच चाललंय. एकाच देशात, गाडीने तासाभराच्या अंतरावर, दोन माणसं एकाच चुकीसाठी एकमेकांपासून तोंड लपवून बसली होती, आणि ती चूक झालीच नव्हती. मला हसू येईना, रडू येईना. असली मैत्री मी पाहिली नव्हती, आणि असला वेडेपणाही.

"दादा," मी म्हटलं, "कासमभाई तर म्हणतात, हात त्यांनी सोडला."

"काय?"

"उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहेत."

गजाननदादा ताडकन उठले. कानशिलं लाल झाली. "खोटं बोलतो तो! मला वाचवायला बोलतो! सगळ्या दुनियेसमोर आपल्या नावाला काळं फासनार? माझ्यापायी? त्याला अक्कल हाय का नाय?" ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. आमटी उतू गेली तरी लक्ष नाही.

खरं म्हणजे तेव्हाच मी सांगायला हवं होतं की दादा, हात कुणीच सोडला नाही. जिभेवर आलंही होतं. पण मी विचार केला, हा माणूस आत्ता रागावलाय म्हणून यायला निघालाय. शांत झाला तर ही खुर्ची सोडणार नाही. म्हणून मी जीभ चावली आणि आमटीचा गॅस बंद केला.

"उद्या काम हाय माझं," ते म्हणाले. "पन येतो. त्याला बोलू देत नाय."

शनिवार : अहमदी

अहमदी हे गाव मला फार आवडलं. तेल कंपनीने वसवलेलं, बैठी घरं, कुंपणाला मेंदीसारखी छाटलेली झाडं, आणि सावली! तीन दिवस नुसती वाळू पाहिल्यावर झाडाची सावली पाहून मी गाडी थांबवायला लावली आणि दोन मिनिटं खाली उभी राहिले. सभागृहात मॅट अंथरलेली होती. माती नाही, हे मनाला लागलं, पण तिच्या एका बाजूला ती भिंत होती. एकेक चेहरा मी नावानिशी ओळखत होते. काहींना मी खेळताना पाहिलेलं, काहींबद्दल नुसतं ऐकलेलं. दवाखान्यात, गोदामात, गाडीच्या चाकामागे राबणारी ही माणसं इथे भिंतीवरून राजांसारखी बघत होती. मी चपला काढून त्या भिंतीसमोर हात जोडले. रिया म्हणाली, "आत्या, पीपल आर वॉचिंग." बघू देत!

सामने झाले, भाषणं झाली. शेवटच्या चौकटीवर निळा पडदा होता. कासमभाई कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि दर मिनिटाला दाराकडे वळून बघत होते. गजाननदादांचा पत्ता नव्हता. अध्यक्षांनी नाव पुकारलं. कासमभाई उठेनात. पुन्हा पुकारलं. आता हे उठून सरळ घरी जाणार आणि भिंतीवरची ती चौकट रिकामी राहणार, याला जबाबदार मी, कारण काल खरं न सांगायचा शहाणपणा मी केला होता.

तेवढ्यात दार उघडलं. कामाचेच कपडे, त्यावर ठिणग्यांनी पडलेली भोकं, पायांत जाडजूड बूट. मॅटच्या काठाशी ते थांबले, खाली बसून बूट सोडवायला लागले. खेळाडू तो खेळाडू, पायताण घालून मैदानात पाऊल टाकेल कसा! अख्खं सभागृह त्या बुटांच्या नाड्या सुटायची वाट बघत होतं.

कासमभाई तिथूनच उभे राहून बोलायला लागले. माईकसुद्धा घेतला नाही. "आज सगळे हायत, गजा पन हाय. मला सांगायचंय, त्या फायनलला हात मी..."

"खोटं!" गजाननदादा एका पायात बूट असतानाच ओरडले. "हात मी सोडला!"

"तू गप रे! माझा हात, मला म्हाईत!"

"आनि माझा कुनाचा होता, शेजाऱ्याचा?"

लोक आधी दचकले, मग हसायला लागले. दोघे मॅटच्या मधोमध समोरासमोर येऊन भांडत होते. इतक्या वर्षांनी भेटले आणि ख्यालीखुशाली नाही, मिठी नाही. मी सोडला, नाही मी सोडला. मला राहवेना. मी उभी राहिले आणि जेवढा आवाज सामन्यांना लावते तेवढा लावला.

"कुणीच सोडला नाही! मी रेषेला बसले होते. तो बुटका तुमच्या हातांखालून गेला!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

"आमच्या खालून?" कासमभाई म्हणाले.

"आमच्या साखळीखालून?" गजाननदादा म्हणाले. "गो बाय, तू तवा केवढीशी असशील? तुला काय दिसनार?"

"आमच्या खालनं मांजर नाय गेलं कवा!"

"मानूस कसा जाईल?"

घ्या! इतका वेळ एकमेकांच्या नरड्याला लागलेले दोघे एका क्षणात एक झाले आणि माझ्यावर उलटले. चूक कबूल करायला दोघेही तयार, पण कुणीतरी आपल्यापेक्षा सरस निघाला हे कबूल करायला एकही तयार नाही. मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "मग करून दाखवा!"

चढाईला माणूस हवा होता. कासमभाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि सगळ्यात जवळ बसलेल्या, अंगाने किरकोळ अशा माणसाचा दंड धरला. "या, जावईबापू." ते आमचे हे होते. ह्यांनी जन्मात खातेवही सोडून कशाची रेषा पाहिली नव्हती. पण अख्खं सभागृह टाळ्या पिटायला लागल्यावर बिचारे मोजे सावरत मॅटवर गेले.

दोघांनी कोपरा धरला. कासमभाई डावीकडे, त्यांच्या उजव्या हातात गजाननदादांचा डावा. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण ते वाकले आणि माझ्या अंगावर काटा आला. तेच दोघे! मी दहावीत होते आणि समोर तेच दोघे होते.

ते हळूहळू ह्यांच्यावर चालून आले. ह्यांना कबड्डी येत नाही, पण जीव वाचवता येतो. समोरून दोन धिप्पाड माणसं येताना बघून त्यांनी डोळे मिटले, डोकं खाली घातलं आणि त्या साखळीखालून जे धूम पळाले ते थेट मध्यरेषेपलीकडे जाऊन पडले. हे दोघे स्वतःच्याच वेगाने पुढे झुकले आणि मॅटवर उपडे झाले.

सभागृहाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. मी मात्र त्या दोघांकडे बघत होते. ते उठून बसले, धापा टाकत. गजाननदादांनी खाली पाहिलं. हात हातातच होता.

"नाय सुटला रे," ते म्हणाले.

कासमभाईंनी मान हलवली. मग तो घोटे पकडणारा माणूस मॅटवर बसून लहान पोरासारखा रडला, आणि गजाननदादा त्यांच्या पाठीवरून मोकळा हात फिरवत राहिले. मीही रडले, सुहास रडला, आणि रिया मराठीत म्हणाली, "आत्या, रुमाल दे ना."

अध्यक्षांनी पडदा ओढला तेव्हा भिंतीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग ते बिचारे मानचिन्ह घेऊन मॅटवर आले. ते घ्यायला कासमभाईंनी डावा हात पुढे केला. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, मानाची वस्तू कुणी डाव्या हाताने घेत नाही. पण उजवा मोकळा नव्हता.